लागण आतड्याला, बातमी मेंदूला

मुदतीच्या तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रुग्णाला वात होतो, हे जुन्या पिढीतल्या घरांना कुणी सांगावे लागत नसे. रुग्ण डोळे उघडे ठेवून पडलेला असे, पण समोरच्याला ओळखत नसे. तो तोंडातल्या तोंडात काहीबाही पुटपुटे, चादरीची टोके चिमटीत धरून ओढत राही, हवेत नसलेले धागे वेचत राही. घरची माणसे हवालदिल होऊन म्हणत, ताप डोक्यात गेला. १९४८ पासून क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक मिळू लागले आणि या विषमज्वराचा, म्हणजे टायफॉइडचा, असा लांबलेला मुक्काम कमी झाला. तरीही उपचाराला उशीर झालेल्या रुग्णांत हे चित्र आजही दिसते.

यातले खरे कोडे असे की, टायफॉइडचा जंतू डोक्यात गेलेला नसतो. तो दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पोटात शिरतो, लहान आतड्याच्या भिंतीतल्या लसिकापेशींच्या पुंजक्यांत मुक्काम ठोकतो आणि तिथून रक्तात, यकृतात, प्लीहेत पसरतो. बरळणाऱ्या बहुतेक रुग्णांच्या पाठीच्या कण्यातले पाणी काढून तपासले, तर ते स्वच्छ निघते. मग मेंदू बिघडतो कशाने?

या प्रश्नावर लख्ख प्रकाश टाकणारा एक प्रयोग इंडोनेशियातल्या जकार्ता शहरात झाला. स्टीफन हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टायफॉइडचे अत्यंत गंभीर झालेले ३८ रुग्ण निवडले. कुणी भ्रमात होते, कुणी बेशुद्ध, कुणाचा रक्तदाब कोसळलेला. सर्वांना क्लोरॅम्फेनिकॉल दिलेच. त्यांतल्या वीस जणांना त्याच्या जोडीला दोन दिवस डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड मोठ्या मात्रेत दिले, अठरा जणांना दिले नाही. कुणाला काय मिळते आहे हे ना रुग्णांना ठाऊक होते, ना उपचार करणाऱ्यांना. १९८४ साली निकाल छापून आला. स्टेरॉइड न मिळालेल्या अठरांपैकी दहा जण दगावले होते, मिळालेल्या वीसपैकी फक्त दोन. डेक्सामेथासोन एकही जंतू मारत नाही. ते शरीराने स्वतःच पेटवलेला दाह शमवते. म्हणजे या रुग्णांच्या जिवावर उठला होता तो जंतूइतकाच, जंतूला मिळालेला शरीराचा प्रतिसाद.

आतड्यात लागण झाली की मेंदूतली रसायने कशी हलतात, हे समजून घ्यायचे तर एका रेणूची ओळख आधी करून घ्यायला हवी. १९३० च्या दशकात इटलीतल्या पाविया इथे व्हित्तोरिओ एर्स्पामेर हा तरुण संशोधक आतड्याच्या अस्तरातल्या काही विशिष्ट पेशींचा अर्क काढत होता. त्या अर्काने आतड्याचा स्नायू आकसे. त्यातल्या द्रव्याला त्याने एंटेरामिन असे नाव दिले. पुढे १९४८ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड इथे मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि अर्व्हाइन पेज यांनी रक्तद्रवातून रक्तवाहिन्या आकुंचित करणारे एक द्रव्य वेगळे काढले आणि त्याला सेरोटोनिन म्हटले. ही दोन्ही द्रव्ये एकच आहेत, हे १९५२ मध्ये सिद्ध झाले. पुढच्याच वर्षी, शिंपल्यांच्या स्नायूंचा अभ्यास करणाऱ्या बेटी ट्वारॉग या तरुण संशोधिकेने पेज यांच्याच प्रयोगशाळेत दाखवून दिले की हे द्रव्य सस्तन प्राण्यांच्या मेंदूतही आहे. मनःस्थितीशी जोडले गेलेले सर्वांत प्रसिद्ध रसायन विज्ञानाला असे पहिल्यांदा आतड्यात सापडले होते.

शरीरातले नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात तयार होते. हा आकडा हल्ली वारंवार ऐकू येतो आणि त्यावरून ‘आनंदाचे रसायन पोटात बनते’ असा निष्कर्षही काढला जातो. तो चूक आहे, आणि इथे थांबून तो दुरुस्त करायला हवा. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पेशींचा जो कडक पहारा आहे, त्यातून सेरोटोनिन पार जात नाही. मेंदू आपल्यापुरते सेरोटोनिन आपल्याच पेशींत तयार करतो. आतड्यातल्या साठ्याचा एक थेंबही त्याला थेट मिळत नाही. आतड्याचा परिणाम मेंदूवर होतो तो वेगळ्या वाटांनी, आणि त्या वाटा या सरळसोट कल्पनेपेक्षा कितीतरी अधिक विलक्षण आहेत.

सर्वांत वेगवान वाट नसेची. मेंदूच्या देठापासून निघून मान, छाती ओलांडत पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नसेतले बहुसंख्य तंतू खालून वर बातमी नेणारे आहेत. रोटाव्हायरसने जुलाब लागलेल्या तान्ह्या बाळाला आधी उलट्या का होतात, याचा शोध स्वीडनमधल्या लिन्शॉपिंगच्या संशोधकांनी २०११ साली याच नसेच्या आधाराने लावला. हा विषाणू आतड्यातल्या सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशींत शिरतो. त्याने तयार केलेल्या विषामुळे त्या पेशी आपला साठा ओततात, शेजारीच असलेली व्हेगसची टोके उद्दीपित होतात आणि मेंदूच्या देठातले उलटीचे केंद्र जागे होते. सेरोटोनिन रक्तातून मेंदूपर्यंत जात नाही. ते दारावरची घंटी वाजवते, आत जातो तो निरोप. उलट्या थांबवायला डॉक्टर देतात ते ऑन्डॅन्सेट्रॉन सेरोटोनिनचा हाच निरोप अडवते.

लग्नाच्या जेवणात किंवा आश्रमशाळेत विषबाधा झाल्याच्या बातम्या उन्हाळ्यात येतात. अशा अनेक घटनांत स्टॅफिलोकॉकस जिवाणूचे विष कारणीभूत असते आणि जेवणानंतर काही तासांतच पंगतीतल्या लोकांना ढवळू लागते. बीजिंगच्या एका प्रयोगशाळेने २०२२ मध्ये या विषाचा मार्ग पेशीनिहाय शोधून काढला. उंदराला उलटी करता येत नाही, पण विष पोटात गेल्यावर तो तोंड वासून उमासे काढल्यासारख्या हालचाली करतो. त्या हालचालींचा माग काढत संशोधक आतड्यातल्या त्याच सेरोटोनिनवाल्या पेशींपासून व्हेगसमार्गे मेंदूच्या देठातल्या नेमक्या चेतापेशींपर्यंत पोहोचले. त्या पेशी बंद केल्या की मळमळ थांबे. इतकेच नव्हे, विष देताना चाखवलेल्या चवीचा तिटकाराही मग उंदरांच्या मनात बसत नसे. एकदा ज्या पदार्थाने पोट बिघडले, तो पुढे कित्येक वर्षे ताटात नकोसा वाटतो. ही शिकवण मेंदूला आतडे देते.

मळमळ समजण्यासारखी आहे. पण भीती?

अमेरिकेत मार्क लाइट आणि लिसा गोएलर यांनी उंदरांना कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू तोंडावाटे दिला. जगभर जुलाबांच्या प्रमुख कारणांपैकी हा एक. मात्रा एवढी बेताची होती की उंदीर आजारी दिसत नव्हते, रक्तात दाहाच्या खुणाही वाढलेल्या नव्हत्या. तरीही सात-आठ तासांनी ते मोकळ्या जागेत जायला कचरू लागले, भिंतीच्या कडेने राहू लागले. मेंदू तपासला तेव्हा व्हेगसचे निरोप जिथे उतरतात तो भाग आणि भीतीशी संबंधित केंद्रे जागी झालेली आढळली. आजार अंगावर उमटण्याआधीच मेंदू सावध झाला होता. मोठ्या परीक्षेआधी पोटात गोळा येतो हे सगळेच मानतात. पोटातल्या जंतूने मनात धास्ती उभी राहते, हे मानायला मात्र विज्ञानालाही विसाव्या शतकाची अखेर गाठावी लागली.

दुसरी वाट रक्ताची, आणि ती अधिक काळ चालू राहते. जंतूशी लढताना प्रतिकारपेशी सायटोकाइन नावाची निरोप्या प्रथिने सोडतात. त्यांच्या प्रभावाखाली प्राणी खाणे सोडतो, कोपऱ्यात पडून राहतो, सोबत टाळतो, झोपाळतो. अशक्तपणाचा हा नुसता परिणाम नव्हे, शक्ती वाचवून ती तापाकडे आणि लढाईकडे वळवण्याची ती मेंदूने राबवलेली योजना आहे, असे कॅलिफोर्नियातले पशुवैद्यक बेंजामिन हार्ट यांनी १९८८ मध्ये मांडले. फ्रान्समध्ये रॉबेर दांत्झेर यांच्या गटाने पुढे दाखवले की जिवाणूच्या आवरणातले विष पोटात टोचल्यावर उंदीर-घुशींचे असे मलूल होणे व्हेगस नस कापली की बरेच टळते. म्हणजे नस आणि रक्त या दोन वाटा एकमेकींना येऊन मिळतात.

माणसावर याचा पडताळा घेण्यासाठी पुन्हा टायफॉइडच उपयोगी पडला, पण या वेळी लशीच्या रूपात. नील हॅरिसन या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सोळा निरोगी पुरुषांना एकदा टायफॉइडची लस टोचली आणि एकदा नुसते मिठाचे पाणी. कोणते इंजेक्शन कधी, हे त्यांना माहीत नव्हते. लशीनंतर काही तासांत रक्तातले इंटरल्यूकिन-६ हे सायटोकाइन वाढले आणि त्यांची मनःस्थिती खालावली. ताप मात्र नव्हता. मेंदूच्या चित्रांत नैराश्याच्या रुग्णांत ज्या भागाची हालचाल वाढलेली दिसते, तोच भाग या ठणठणीत माणसांत जागा झालेला होता. दुसऱ्या दिवसापर्यंत हे सारे ओसरते. पण सौम्य दाहही मेंदूपर्यंत पोहोचून मनाचा रंग बदलतो, एवढे त्यातून पुरते दिसले.

आता प्रश्न रसायनाचा. सेरोटोनिन ज्यापासून बनते तो कच्चा माल म्हणजे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. ते शरीर बनवू शकत नाही, दूध, डाळी, अंडी, शेंगदाणे यांतूनच ते यावे लागते. निरोगी शरीरातही त्यातला फार थोडा वाटा सेरोटोनिनकडे जातो, बहुतेक भाग कायन्युरेनिन नावाच्या दुसऱ्या वाटेने मोडला जातो. जंतुसंसर्गात प्रतिकारपेशींनी सोडलेले इंटरफेरॉन एका विकराला चालना देते आणि ही दुसरी वाट आणखी रुंद होते. कालव्याचे पाणी वरच्या गेटला वळवले की टेलच्या शेतकऱ्याला कोरड पडते, तसे मग सेरोटोनिनचे होते. वर कायन्युरेनिन मेंदूत शिरू शकते, आणि तिथल्या प्रतिकारपेशी त्यापासून क्विनोलिनिक आम्ल बनवतात. हे आम्ल चेतापेशींना अति उद्दीपित करते, प्रमाण वाढले तर इजाही करते. एकीकडे एक रसायन घटते, दुसरीकडे दुसरे वाढते.

हे कागदावरचे गणित नाही. हिपॅटायटिस सी आणि काही कर्करोगांवर पूर्वी इंटरफेरॉन-अल्फाची इंजेक्शने महिनोन्‌महिने दिली जात. यकृताच्या उपचारासाठी आलेली, मनाने धडधाकट असलेली माणसे काही आठवड्यांत उदास होत, रडत, काहींच्या मनात आत्महत्येचे विचार येत. २००१ मध्ये छापलेल्या एका चाचणीत मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या रुग्णांना इंटरफेरॉनआधी दोन आठवडे पॅरॉक्सेटिन हे सेरोटोनिनवर काम करणारे औषध सुरू केले. ते घेणाऱ्यांत गंभीर नैराश्य ११ टक्क्यांना आले, खोटी गोळी घेणाऱ्यांत ४५ टक्क्यांना. या माणसांना घरचे म्हणत असतील की आजाराचे टेन्शन घेतलेस, हिंमत ठेव. आजाराची धास्ती तर दोन्ही गटांना सारखीच होती. फरक पडला तो मेंदूतल्या रसायनाला आधी मिळालेल्या आधाराने.

हे सगळे प्रयोगशाळेतले आणि इस्पितळातले. एका अख्ख्या गावाला आतड्याची लागण झाली, तर पुढच्या वर्षांत काय होते? कॅनडातल्या वॉकर्टन गावाने याचे उत्तर फार मोठी किंमत देऊन पुरवले. ओंटारिओ प्रांतातले हे सुमारे पाच हजार वस्तीचे शेतीप्रधान गाव. मे २००० मध्ये मुसळधार पाऊस झाला आणि शेजारच्या शेतात टाकलेल्या शेणखतातले जिवाणू गावाला पाणी पुरवणाऱ्या पाच क्रमांकाच्या उथळ विहिरीत उतरले. शेतकऱ्याने खत रीतीप्रमाणेच घातले होते, त्याचा दोष नाही, असे पुढे न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशीत नमूद झाले. दोष होता पाण्यात पुरेसे क्लोरीन न टाकणाऱ्या आणि नोंदवहीत खोटे आकडे लिहिणाऱ्यांचा. पाणी उकळून प्या, हा इशारा २१ मेला निघाला, तोवर उशीर झाला होता. घातक ई. कोलाय आणि कॅम्पिलोबॅक्टर यांनी २,३०० हून अधिक लोकांना गाठले. सात जण दगावले.

हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठातले जॉन मार्शल आणि त्यांचे सहकारी या गावाच्या मागावर राहिले. आधी ज्यांच्या पोटाची कसलीही तक्रार नव्हती, अशा दोन हजारांहून अधिक लोकांना त्यांनी दोन-तीन वर्षांनी तपासले. जे त्या साथीत आजारी पडलेच नव्हते, त्यांच्यात सतत पोट दुखणे, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ असा क्षोभी आतड्याचा विकार १०.१ टक्क्यांत होता. साथीत आजारी पडल्याच्या वैद्यकीय खुणा ज्यांच्याकडे होत्या, त्यांच्यात ३६.२ टक्क्यांत. जंतू केव्हाच निघून गेले होते, आतडे वरून बरे दिसत होते, पण आतडे आणि मेंदू यांच्यातले संभाषण पूर्वपदावर आले नव्हते. आठ वर्षांनीही साथीत सापडलेल्यांमध्ये हे प्रमाण १५.४ टक्के होते, न सापडलेल्यांमध्ये ५.४ टक्के.

त्रास कुणाचा लांबला? तरुणांचा, स्त्रियांचा, ज्यांना त्या आजारात ताप आला किंवा ज्यांचे वजन उतरले त्यांचा, आणि ज्यांना आधीपासून चिंता किंवा नैराश्य होते त्यांचा. या शेवटच्या मुद्द्यावरून ‘बघा, मनाचेच होते’ असे म्हणायचा मोह अनेकांना होईल. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या अभ्यासांतही असेच दिसले होते: जुलाबांनी इस्पितळात आलेल्यांपैकी जे अधिक चिंताग्रस्त, त्यांचे पोट पुढे अधिक काळ बिघडलेले राहिले. पण त्याच शेफील्डच्या डॉक्टरांना या लोकांच्या आतड्याच्या अस्तरात दाहाच्या पेशीही टिकून राहिलेल्या सापडल्या. नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांना सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशींची संख्या वाढलेली आढळली. आणि वॉकर्टनच्या रहिवाशांची जनुके तपासली, तेव्हा धोका वाढवणाऱ्या जनुकांत इंटरल्यूकिन-६ चे जनुक निघाले. हॅरिसन यांच्या प्रयोगात मनःस्थितीबरोबर हलले ते हेच प्रथिन. चिंतेने आतड्याची आग लवकर विझत नाही, आणि न विझलेली आग चिंता वाढवते. यातले मूळ मन की शरीर, हा प्रश्न रुग्णाच्या काही कामाचा नाही. त्याला उपचार दोन्ही टोकांवर हवेत.

मॅकमास्टरमध्येच प्रेमिस्ल बर्सिक यांच्या गटाने उंदरांना चाबूककृमीची लागण करून पाहिली. या जातीच्या जंतांनी जगातल्या गरीब वस्त्यांतल्या कोट्यवधी मुलांची आतडी ग्रासलेली आहेत. लागण झालेले उंदीर भित्रे झाले, रक्तात कायन्युरेनिन वाढले आणि मेंदूच्या स्मरणकेंद्रात चेतापेशींचे पोषण करणाऱ्या एका प्रथिनाची निर्मिती मंदावली. बिफिडोबॅक्टेरियम लॉन्गम हा जिवाणू दिल्यावर वागणे सुधारले आणि ते प्रथिनही परतले, पण रक्तातला दाह मात्र तसाच राहिला. व्हेगस कापूनही इथे फरक पडला नाही. कॅम्पिलोबॅक्टरची बातमी नसेतून गेली होती, जंतांची बहुधा रक्तातून गेली. प्रत्येक लागणीची वाट निराळी असते. म्हणूनच ‘मनःशांतीसाठी प्रोबायोटिक’ अशी जाहिरात करून विकल्या जाणाऱ्या पुड्यांवर पैसे घालवण्याआधी विचार करावा. एका प्रजातीच्या एका जिवाणूने उंदराच्या एका आजारात दिलेला गुण माणसाच्या हरेक उदासीवर लागू होत नाही.

कोविडने या विषयाला नवी निकड आणली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मायान लेव्ही, क्रिस्टोफ थाइस आणि सहकाऱ्यांनी दीर्घ कोविडच्या रुग्णांच्या रक्तात सेरोटोनिन कमी झाल्याचे दाखवले. त्यांच्या मांडणीनुसार काही रुग्णांच्या आतड्यात विषाणूचे अवशेष रेंगाळतात आणि प्रतिकारशक्ती इंटरफेरॉन सोडत राहते. त्याने आतड्यातून ट्रिप्टोफॅन शोषले जाणेच मंदावते. रक्तातले सेरोटोनिन उतरले की व्हेगसची हालचाल घटते आणि स्मरणकेंद्र सुस्तावते. उंदरांत सेरोटोनिन भरून काढल्यावर स्मरणशक्ती सुधारली. रुग्णांच्या इतर काही गटांत मात्र ही घट आढळलेली नाही. दीर्घ कोविड या एका नावाखाली अनेक वेगळे बिघाड असणे शक्य आहे, आणि त्यांतला आतड्याचा बिघाड नेमका कुणाचा, हे वेगळे काढणे हे आता चाललेले काम आहे.

दरम्यान दवाखान्यात जे करता येईल ते थांबवून ठेवण्याचे कारण नाही. रोटाव्हायरसची लस बाळांना सरकारी लसीकरणात मिळते आणि त्यातली एक पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. टायफॉइडचीही लस आहे. मुदतीच्या तापात रुग्ण असंबद्ध बोलू लागला, तर ताप उतरण्याची वाट घरी पाहत बसू नये, त्याला तातडीने इस्पितळात न्यावे. आणि पावसाळ्यात आठ दिवस हगवण होऊन गेलेले माणूस दोन महिन्यांनी झोप लागत नाही, धडधडते, कशात मन लागत नाही म्हणून डॉक्टरकडे येते, तेव्हा ते त्या हगवणीचा उल्लेख आपणहून करत नाही. बरी झालेली गोष्ट म्हणून ती त्याच्या लेखी संपलेली असते. ती डॉक्टरांनी विचारून घ्यावी लागते.